बंडी खाली

१

शिवपुत्र मेला मंगळवारी सकाळी, आणि उन्हं वर यायच्या आत तो चोरही ठरला. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे लोकांना ते काम फार सोपं गेलं.

सोलापुरात स्टेशनच्या वाटेवर कापसाची एक जुनी वखार होती. मंदीच्या त्या सालात ती रिकामी पडली आणि तिच्या दारावर एक रंगीत पाटी चढली : 'विजयध्वज मोटार-विक्री शिक्षण वर्ग. शिक्षण पुरे होताच पगारी नोकरी. फी आगाऊ.' गिरण्यांतून कमी केलेले कारकून, फायनल पास होऊन घरी बसलेली खेड्यापाड्यातली पोरं, कुणी शेरडं विकून तर कुणी आईच्या गळ्यातलं मोडून त्या पाटीखालून आत गेले. आत प्रोफेसर सरंजामे होते, इस्त्रीचा सूट होता, आणि वखारीच्या मधोमध एक मोरपंखी निळी मोटार उभी होती. ती मोटार पाहिली की फी भरताना हात अडखळत नसे.

त्याच वखारीच्या मागच्या भिंतीपाशी शिवपुत्र सापडला. डोकं मागून फुटलेलं. शेजारी फीची पत्र्याची पेटी, उघडी आणि मोकळी. मोडनिंबचा कुंडलिक, त्याच्याच वर्गातला, सकाळी लवकर मोटार पुसायला आला होता. त्याच्या मांडीवरच शिवपुत्रानं जीव सोडला.

"पैसे साथीदाराकडे दिले असणार आणि भिंत चढताना पडला," प्रोफेसर म्हणाले. "विश्वासाचा मुलगा होता हो." आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. पंचनामा झाला, झडत्या झाल्या, शहर आपल्या उद्योगाला लागलं.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळामागं राहणाऱ्या अण्णारावांच्या उंबऱ्यावर एक बाई येऊन बसली. अण्णाराव पोलिसात जमादार होते. आता पेन्शनीत होते, आणि उरलेला सगळा जीव त्यांनी कीर्तनाला वाहिला होता. झांजा हातात नसल्या तरी बोटं मांडीवर ठेका धरत. सोमवारच्या कीर्तनाची ओल अजून त्यांच्या मनात होती. नरहरबुवांनी चिलयाबाळाचं आख्यान लावलं होतं. देवानं परीक्षा पाहिली आणि चांगुणेनं पोटचं पोर उखळात कांडलं, हे ऐकताना अण्णारावांनी उपरणं तोंडाशी धरून मुसमुसत रडून घेतलं होतं. आणि आता चांगुणाच दारात येऊन बसावी तशी ही बाई.

"जमादार म्हंत्यात ते तुमीच का, यप्पा?"

"होतो. आता नुसता टाळ्या वाजवणारा उरलोय. कोण तुम्ही?"

"काशम्मा. दुधनीची. शिवपुत्राची…"

अण्णारावांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. ती प्याली नाही, नुसता धरून बसली.

"आमच्या मालकांचा बैलगाड्या बांधायचा धंदा. ते गेले, धंदा गेला. पोरगं म्हनलं, आता मोटारबंडीचे दिवस हायत, मी मोटारबंडी विकायला शिकतो. बोरमाळ दिली काढून. आन आता मातीला चार मानसं आली न्हायीत, यप्पा. चोराची माती म्हनाले." तिनं तांब्या खाली ठेवला. "मला पैका नगं. कुनाला फाशी द्या असंबी मी म्हनत न्हाय. माजं पोरगं चोर न्हवतं, एवढं कुनीतरी चार मानसांत म्हनू दे."

"आणि असलाच तर?" अण्णारावांनी हळू विचारलं. जुनी खोड.

"तर तेबी मला तुमीच सांगा. लोकांनी नगं." तिनं डोळे पुसले. "मरताना 'आई' म्हनला म्हनं. त्या कुंडलिकानं सांगितलं. तेवढ्या एका शब्दावर मी उभी हाय."

तिनं गाठोडं सोडलं. आत लेकाचा काळा कोट होता, वर्गासाठी मुद्दाम शिवलेला. अण्णारावांनी तो उजेडात धरला. मागं कॉलरवर रक्त वाळलं होतं, ते त्यांना अपेक्षितच होतं. पण पुढची सगळी बटणं तुटली होती. दोऱ्यांचे शेंडे लोंबत होते आणि अस्तर आतून टराटरा फाडलेलं होतं.

भिंतीवरून पडणाऱ्या माणसाची बटणं अशी तुटत नाहीत. मरणाऱ्या माणसाच्या अंगावरचा कोट कुणीतरी ओरबाडला होता.

२

वखारीत शिकवणी चालू होती. पाच-सहा तरुण नेकटाय बांधून रांगेत उभे होते आणि मोटारीचं दार उघडून रिकाम्या हवेला वाकून म्हणत होते, "गुड मॉर्निंग सर, प्लीज टेक युवर सीट." एकाच्या पायात वहाणा नव्हत्या, नेकटाय मात्र होता.

"या, या जमादारसाहेब!" प्रोफेसर सरंजामे पुढं आले. गोरेपान, बोलण्यात खडीसाखर. "तुम्हाला देवळात रोज पाहतो की. कशी वाटली आमची मोटार?"

अण्णारावांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. पितळी दिवे आरशासारखे लखलखत होते. पुढून गाडी जरा उचलल्यासारखी दिसत होती. पुढचं ओझं उतरलेल्या बैलगाडीनं जू वर करावं तशी. ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले. नोकरीत असताना त्यांनी साहेबलोकांच्या मोटारी पाहिल्या होत्या, आणि त्या निघून गेल्यावर अंगणात उरलेले तेलाचे काळे डाग शिपायांकडून घासूनही घेतले होते. इथं मोटारीखालची शहाबादी फरशी ताटासारखी स्वच्छ होती. दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू सांडलं होतं तेही पिवळं-लाल, तसंच.

"चालवून दाखवता का एकदा?"

"पेट्रोल कोण देणार?" प्रोफेसर हसले. "आणि बॉनेटला कंपनीचं सील आहे. साहेब मुंबईहून येईपर्यंत उघडायचं नाही. आम्ही मोटार चालवायला शिकवत नाही, जमादारसाहेब, विकायला शिकवतो."

"शिवपुत्र कसा होता शिकायला?"

"सगळ्यांत हुशार. प्रश्न फार विचारायचा." प्रोफेसरांनी सुस्कारा सोडला. "सोमवारी मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की आज कीर्तनाला यायचं. बुवांचे आमच्यावर उपकार आहेत. त्यांनी गादीवरून या वर्गाचं नाव घेतलं म्हणून तर ही मुलं आली. सगळे आले, तेवढा शिवपुत्र आला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

"तुम्ही शेवटपर्यंत होतात?"

"आरतीपर्यंत. कपाळाचा बुक्का दुसऱ्या दिवशीही निघाला नव्हता. काय रंगले हो बुवा! तारामती पोराचं प्रेत घेऊन स्मशानात येते तिथं तर मी लहान मुलासारखा रडलो. आणि सकाळी बघतो तर इकडे हे."

अण्णारावांनी मान डोलावली.

बाहेर रखवालदार बिरदेव बाजेवर बसला होता. अण्णाराव दिसताच त्यानं तोंडापुढं हात धरला.

"वास लपवू नकोस रे. सोमवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"खोटं कशाला बोलू, साहेब? ताडीच्या दुकानात. मालकांनीच पैसं दिलं, म्हनले, आज सगळी कीर्तनाला हायती, तूबी जरा मोकळा हो. म्या हितं असतो तर…" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "लई गरीब पोरगं हुतं. मला अप्पा म्हनायचं."

"ही मोटार कधी ओरडलेली ऐकलीस?"

"न्हाय बा. दसऱ्याला मिरवाया काढली तवा चौघांनी ढकलली. लई हलकी हो! म्या म्हनलं, ही मोटार हाय का शेवयाची टोपली? तर मालक डाफरलं." बिरदेवनं खुंटीकडं बोट केलं. "हितं तिचं ह्यांडल असायचं, लोखंडी. कुनी कवा फिरिवलं न्हाय, पर असायचं. मंगळवारपास्नं दिसत न्हाय."

खुंटीखाली भिंतीवर लांबट, वाकडा, उजळ डाग होता.

घराकडं जाताना अण्णाराव देवळाच्या दारात थांबले. फळ्यावर सोमवारच्या कीर्तनाची खडूची अक्षरं अजून कुणी पुसली नव्हती. 'आख्यान : राजा हरिश्चंद्र.' ऐन वेळी यजमानांनी हट्ट धरला म्हणून बुवांनी आख्यान बदललं. फळा मात्र बदलायचा राहून गेला.

अपराधी कोण ते त्यांना त्या क्षणीच कळलं. पण फळ्यावरच्या खडूनं कुणाला बेडी पडत नाही. माणूस म्हणेल, चुकून बोललो. आणि बटणांचं काय?

३

कुंडलिक भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. सदऱ्यावर जाड खादीची बंडी, तिला आतून खिसा. आबदार पोरगा, पण चार दिवसांत गालफडं बसली होती. अण्णाराव शेजारी टेकले आणि काही न विचारता तळहात पुढं केला.

"दे."

"काय, जमादार?"

"बटणं."

कुंडलिक बघत राहिला. मग हात बंडीच्या आतल्या खिशात गेला, आणि अण्णारावांच्या तळव्यावर काळी बटणं पडली. तो गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागला.

"म्या मारलं न्हाय त्येला. आईची आन."

"ठाऊक आहे मला. पण कोट तूच फाडलास."

"व्हय." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "म्या पुसाया आलो, तर त्यो पडल्याला. जित्ता हुता. रातभर तितंच पडला असनार, दवात भिजल्याला. म्या डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझा हात असा गच्च धरला आन म्हनला, 'बंडी खाली.' दोनदा म्हनला. 'बंडी खाली… आई ती…' आसं."

"मग?"

"शेजारी पेटी रिकामी. मला वाटलं, पैसं ह्यानंच घेतलं आन बंडीखाली दडीवलं, आन आता मला सांगतुय. माझ्या भावानं शेरडं इकून फी भरली, जमादार. घरी कुठल्या तोंडानं जाऊ ह्येच डोक्यात. म्या त्येचा कोट फाडला. आत हात घातला, अस्तर फाडलं. त्यो माझ्याकडं बगत हुता की! मान हालवीत हुता, न्हाय, न्हाय म्हनून. आन म्या खिसं बगत बसलो." त्याला धाप लागली. "काय घावलं न्हाय. वर बघितलं तर डोळं थिजल्यालं. पळत जाऊन मानसं बोलावली असती तर जगला असता का वो, जमादार?"

वैद्यानं सांगितलं होतं की कवटीच फुटली होती. पण तेवढ्यानं त्या पोराला झोप लागणार नव्हती. अण्णारावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हातारीला तेवढं 'आई'चं सांगितलं. बाकीचं सांगाया जीभच रेटंना."

जिन्यावरून उतरताना अण्णाराव एकाएकी थबकले. कोटाआत बंडी होती कुठं? काशम्मानं आणलेल्या गाठोड्यात एक कोट, एक सदरा, एक धोतर होतं.

४

काशम्मा बाजाराच्या आवारात, गाडीतळाजवळच्या लिंबाखाली उतरली होती. दुधनीकडच्या गाड्या तिथंच सुटायच्या. तिला तिथं आपल्या बोलीचा आवाज ऐकू यायचा, तेवढाच आधार. अण्णाराव समोर उकिडवे बसले.

"बाई, शिवपुत्र बंडी घालायचा का?"

"बंडी? जल्मात न्हाय. उकडतंय म्हनायचा. सदरा आन वर ह्यो कोट." तिनं गाठोड्यावरून हात फिरवला. "कोट घालून पयल्यांदा गावाकडं आला, तर दारातनंच वरडला, 'अव्वा, ओळख कोन आलंय!' मी म्हनलं, मामलेदार आला जनू."

तिच्या ओठांवर हसू आलं होतं. अण्णारावांच्या तोंडून शब्द निघून गेला.

"अव्वा?"

"आमच्यात आईला अव्वाच म्हंत्यात की. लहानपनापास्नं त्यो मला…"

तिचं वाक्य तिथंच राहिलं. हसू चेहऱ्यावर होतं तसं थांबलं आणि हळूहळू विझलं. अण्णारावांना वाटलं, देवा, हा प्रश्न मी का विचारला?

"त्यानं मला आई कधीच म्हनलं न्हाय," ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. "मंग मरताना आई कसं म्हनलं? कुनाला म्हनलं?" तिनं अण्णारावांकडं पाहिलं. "म्हंजे तेबी माजं न्हवंच का, यप्पा?"

सबंध नोकरीत अण्णारावांनी मेलेल्यांची नातेवाईक माणसं पाहिली होती. पण एका शब्दावर उभ्या असलेल्या बाईच्या पायाखालून तो शब्दही आपणच ओढून घेतला, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते मान खाली घालून बसले.

तेवढ्यात गाडीतळावरून ईश्वरप्पा गाडीवाल्याची दणदणीत हाळी आली. तो भाडं शोधत होता.

"बंडी खाली ऐती! बर्री, बर्री! दुधनी, अक्कलकोट! बंडी खाली ऐती!"

अण्णारावांनी मान वर केली. सोलापुरात जन्म गेलेला माणूस. ही हाळी त्यांनी हजारदा ऐकली होती. कानडीत बंडी म्हणजे गाडी. खाली म्हणजे रिकामी. ऐती म्हणजे आहे. आणि पहिल्याच दिवशी, त्यांच्याच उंबऱ्यावर, ही बाई म्हणाली होती, 'मोटारबंडी'.

बंडी खाली ऐती. बंडी खाली, आई ती.

"बाई," अण्णाराव उठत म्हणाले. "उठा. चला माझ्याबरोबर. वाटेत बुवांनाही घेऊ."

५

वखारीत प्रोफेसर ट्रंक बांधत होते. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जायचं होतं. चोरीची भरपाई कंपनीकडून आणतो, तोवर तुम्ही सराव चालू ठेवा, असं ते पोरांना समजावत होते. पोरं माना डोलवत होती. एकानं तर प्रवासाला म्हणून भाकरी बांधून आणली होती.

अण्णाराव आत शिरले. मागं नरहरबुवा, काशम्मा आणि कुंडलिक. बिरदेवला त्यांनी चौकीवर पिटाळलं होतं.

"प्रोफेसर, सोमवारचं आख्यान कुठलं होतं?"

"सांगितलं ना तुम्हाला. हरिश्चंद्र."

नरहरबुवा चपापले. "अहो, मी तर चिलया लावला होता! फळ्यावर हरिश्चंद्र होता, पण…"

"पण कीर्तनात नव्हता," अण्णाराव म्हणाले. "मध्यंतरात बुक्का लावून घेतलात आणि उठलात. चिलया त्यानंतर सुरू झाला. सगळी मुलं दिसत होती, शिवपुत्र दिसत नव्हता, आणि वखारीत तो एकटा होता. रखवालदाराला तर तुम्हीच ताडीला धाडलं होतं. शिवपुत्राच्या मनात काही असो, तुमच्या पोटात धाकधूक होती. प्रश्न फार विचारायचा तो."

"जमादारसाहेब, एखादं आख्यान चुकलं म्हणून माणूस खुनी होतो?"

"नाही होत. म्हणून मोटार उघडायची."

प्रोफेसरांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "कंपनीचं सील…"

"गाडी बांधणाऱ्याचा मुलगा होता तो. पुढून उचललेली गाडी बघून त्याला कळलं असणार की हिच्या नाकात वजन नाही. मला कळायला उशीर झाला. तेलाचा थेंब नाही, चौघं ढकलतात तर टोपलीसारखी पळते. त्या संध्याकाळी त्यानं सील तोडून बघितलं. तुम्ही नंतर नवं लावलंत. तो मरताना सांगून गेला आहे, प्रोफेसर. आम्हीच चुकीच्या बोलीत ऐकलं." अण्णाराव वळले. "कुंडलिक, उघड रे ते."

कुंडलिकनं सील तोडलं. बॉनेटचा पत्रा वर उचलला. पोरं पुढं सरकली.

आत इंजिन नव्हतं. एक मोठा, काळोखा खड्डा होता. तळाशी वर्गाच्याच नेकटायमध्ये गुंडाळलेलं लोखंडी हँडल होतं, वाळलेलं रक्त लागलेलं. आणि शेजारी फीच्या पैशांची पिशवी. झडतीत पोलिसांनी ट्रंका उपसल्या होत्या, विहिरीत गळ टाकले होते. बॉनेट उघडायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तिथं इंजिन असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाकरी घेऊन आलेल्या पोरानं ती तशीच छातीशी धरली होती. "म्हंजे," तो म्हणाला, "कंपनी न्हाय? नोकरी न्हाय?"

प्रोफेसर ट्रंकेवर बसले. खडीसाखर सगळी विरघळून गेली होती.

"मी त्याला अर्धे पैसे देऊ केले होते," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "निघून जा म्हटलं, कुणाला बोलू नकोस. तर पाठ फिरवून म्हणाला, आधी कुंडलिकला सांगतो, त्याच्या भावाची शेरडं गेलीत. दारापर्यंत पोचला होता तो."

कुंडलिक मटकन खाली बसला.

नरहरबुवा मोटारीला धरून उभे होते. इतकी वर्षं भरल्या सभांना रडवणारा माणूस. "नारदांची गादी ती, अण्णाराव," एवढंच ते पुटपुटले. "तिच्यावरून मी या पोरांना इथं धाडलं."

६

पुढच्या सोमवारी देऊळ भरून वाहत होतं. बुवांनी नमन केलं, झांजा थांबवल्या, आणि पूर्वरंग सुरू करण्याआधी हात जोडले.

"मंडळी, या गादीवरून मी एका लबाडाचं नाव घेतलं होतं. आज त्याच गादीवरून एका खऱ्या माणसाचं नाव घेतो. दुधनीचा शिवपुत्र. तो चोर नव्हता. पैसे घेऊन गप्प बसला असता तर आज जिवंत असता. सोबत्यांना सावध करायला निघाला, म्हणून गेला. त्याची माती मुकाट्यानं झाली. आज त्याच्यासाठी सगळ्यांनी उभं राहायचं आहे."

देऊळ उभं राहिलं. बायकांच्या बाजूला, खांबाशी, काशम्मा एकटीच बसून होती. आपल्या लेकासाठी सगळे उभे आहेत हे तिला थोडं उशिरा कळलं.

कीर्तन सुटल्यावर ओट्यावर ती कोट घेऊन बसली. बटणं अण्णारावांनी परत दिली होती. समईच्या उजेडात ती एकेक लावत होती. कुंडलिक चार हातांवर घुटमळत उभा होता.

"ये की रं. तिकडं काय उभा?"

तो आला, बसला. डोळे वर करवेनात. "मावशी, म्या तुमच्याशी लबाड बोललो. त्यो 'आई' म्हनला न्हवता. आन त्यो माझ्या भल्याचं सांगत हुता, तर म्या त्येचा कोट…"

"जमादारांनी सांगितलं मला." सुई अस्तरात शिरली, बाहेर आली.

"त्यो मराठीत बोलला असता तर, मावशी! माझ्यासंगं कायम मराठीतच बोलायचा. मंग तवाच का आसं?"

काशम्मानं दोरा दातांनी तोडला.

"मरताना मानसाच्या तोंडात अव्वाचीच बोली येती, बाळा. सांगत हुता तुला. पर बोलत हुता माझ्यासंगं."

अण्णारावांनी तोंड देवाकडं वळवलं. गाभाऱ्यातला दिवा त्यांना चार चार दिसत होता.

"कसं म्हनला?" काशम्मानं विचारलं. "माझ्यापुढं म्हन एकदा."

कुंडलिक म्हणाला, "बंडी खाली… आई ती."

"आसं न्हवं. तोडू नगंस. ऐती. 'खाली'वरनं हलकंच वर न्यायचं. म्हन."

"बंडी खाली ऐती."

"आनी एकदा."

"बंडी खाली ऐती."

कोट मांडीवर घेऊन, डोळे मिटून, ती ऐकत राहिली. तो म्हणत होता, ती सुधारत होती. आणि एका वेळी तिचा हात वर आला आणि तसाच हवेत थांबला.

"हां," ती म्हणाली. "आसंच म्हनला आसंल."